जर्मनचं पातेलं

मनगट मोडलं त्याचं मला एवढं काही वाटलं नाही. हाड आहे, मोडतं, जुळतं. पण त्यानंतर काही दिवसांनी एका संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले, दिवा लावला, आणि ओट्यावर दुसऱ्यांच्या घरची भांडी पालथी पडलेली दिसली तेव्हा मात्र दारातच थबकले. शेजारच्या राजेश्वरीचा स्टीलचा डबा, तिचीच एक खोलगट वाटी, आणि कडेला, अंग चोरून बसल्यासारखं, मागच्या खोलीतल्या वच्छलाचं जर्मनचं पातेलं. जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम. आमच्याकडे सगळे जर्मनच म्हणतात. एका बाजूला पोचा आलेला, बूड काळं, झाकणाला ताटली. ती भांडी मीच डाव्या हातानं धुतली होती. डाव्या हाताला घासता येत नाही, तो नुसता भांड्यावरून फिरतो, लाडावलेल्या जावयासारखा. तरी धुतली होती. आता ती परत द्यायची होती आणि आत घालायला माझ्याकडे काही म्हणजे काहीच नव्हतं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात काय एवढं? भांडं आलं, धुतलं, दिलं, झालं. पण आमच्याकडे तसं चालत नाही. दुधनीला माझ्या माहेरातून भांडं रिकामं परत गेलेलं मी जन्मात बघितलं नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, कानडीत म्हणायची, “खाली कोडबारदु.” रिकामं द्यायचं नाही. घरात असेल ते घालायचं, मूठभर ज्वारी, गुळाचा खडा, परसातलं एखादं लिंबू. काहीच नसलं तर कढीपत्त्याची डहाळी मोडून आत ठेवायची, पण समोरच्या बाईनं झाकण काढलं की तिला भांड्याचं बूड दिसता कामा नये. लग्न होऊन मी सोलापुरात आले ती ही शिस्त बरोबर घेऊनच. माझा मुलगा गुरुशांत लहानपणी शेजारचं भांडं द्यायला निघाला की मी दारातच अडवायची. उघड झाकण. रिकामं? फिर मागं, साखर घाल चिमूटभर, मग जा. तो जाम चिडायचा. एकदा मुद्दाम एकच शेंगदाणा टाकून गेला आणि वर मलाच येऊन म्हणाला, रिकामं नव्हतं की! मी शाळेत पोरांना शिकवायची, वर्गात माझ्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती, पण या उत्तरावर मी तोंड फिरवून हसले.

आणि खरं सांगू का, आमच्या गल्लीत माझंच भांडं नेहमी पहिलं बाहेर पडायचं. कुणाकडे तापाचं माणूस असो, कुणाची सून बाळंत होवो, कुणी नवीन राहायला येवो, दाक्षायणीबाईंची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी त्यांच्या दारात हजर. सगळे मला अक्का म्हणतात ते काही उगीच नाही. वच्छला आणि तिचा नवरा जोतीराम टेंभुर्णीकडच्या खेड्यातून आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं आले, तेव्हा त्यांची चूल पेटायच्या आत माझं ताट गेलं होतं. जोतीराम मालट्रकवर ड्रायव्हर, आठवडा आठवडा घरी नाही, घरी असला तरी झोपलेला. वच्छला टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालते. खोलीत एक खाट, एक शेगडी, खिळ्याला अडकवलेल्या दोन पिशव्या. पण माझं ताट दुसऱ्या दिवशी परत आलं ते ओल्या हरभऱ्याचे घाटे घेऊन. मला बरं वाटलं होतं. म्हटलं, रीतीची बाई आहे.

पडले ती पाण्याच्या दिवशी. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, आणि येतं तेव्हा सगळी गल्ली कमरेला पदर खोचून उभी असते. मोटर लावायला धावले, मोरीच्या तोंडाशी पाय सरकला, आणि सगळा भार उजव्या हातावर. कट असा आवाज आला. मजा अशी की त्या क्षणी मला दुखलं नाही, मला दिसला तो पाइप, बादलीतून बाहेर आलेला, आणि फुकट वाहून चाललेलं पाणी. मी जमिनीवर पडल्यापडल्या ओरडत होते ते “पाणी, पाणी!” राजेश्वरी भिंतीवरून डोकावली. तिच्या माहेरी-सासरी दोन्हीकडे तेलुगू, मराठी बोलते ती तिच्या चालीनं. “अय्यो अक्का, पाण्याचं काय घेऊन बसले, हात बघा की!” बघितला. हात कोपरापर्यंत माझा होता, पुढे कुणा दुसऱ्याचा वाटत होता. मग दवाखाना, फोटो, प्लास्टर. घरी आले तर माझी सगळी पिंपं काठोकाठ भरलेली आणि वर स्वच्छ झाकणं. ती झाकणं बघून मला रडू आलं आणि मी ते हाताच्या दुखण्यावर ढकललं.

त्या दिवसापासून घर माझं राहिलं नाही. डबीचं झाकण उघडत नाही, पदर खांद्यावर ठरत नाही, वेणी नाही, भाकरी तर नाहीच नाही. सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसते. घ्यायला डावा आणि पूजेला उजवा, अशी आयुष्यभराची सवय. आता विभूती लावायला, पाणी घालायला उजवा हातच नाही, म्हणून नुसती तळहातावर घेऊन बघत बसते. काहीच करता येत नाही, फक्त धरता येतं. इतकी वर्षं पूजा केली पण असं नुसतं बघितलं कधी नव्हतं हेही खरं. आणि अशा वेळी पुण्याहून गुरुशांतचा फोन. रोज. त्याचा आवाज आधी मऊ होता, मग समजूतदार झाला, आणि समजूतदार झाला तेव्हाच मी ओळखलं की आता हा ऐकायचा नाही. “आई, रविवारी गाडी घेऊन येतो. बॅग भरून ठेव. प्लास्टर निघेपर्यंत वगैरे नाही, आता कायमचंच चल.” मी म्हटलं, अरे माझं व्यवस्थित चाललंय. तर म्हणतो, “तूच म्हणाली होतीस. ज्या दिवशी शेजाऱ्यांच्या जिवावर जगायची वेळ येईल त्या दिवशी सोलापूर सोडीन. म्हणाली होतीस की नाही?”

म्हणाले होते. गेल्या दिवाळीत, त्याच्या बायकोसमोर, चांगली छाती पुढे काढून म्हणाले होते. ह्यांच्या माघारी मी एकटी राहते याचा मला तोरा होता, नाही कशाला म्हणू? पुण्याचं घर काही वाईट नाही. सातव्या मजल्यावर आहे, वारा येतो, नळाला चोवीस तास पाणी. सून चांगली आहे, मला बसायला खुर्ची देते. पण तिथे दार लावलं की लावलं. तिथे मी खिडकीत बसून खालच्या गाड्या बघते आणि मला वाटतं, आपल्याला कुणी तरी कपाटात नीट घडी घालून ठेवलंय. इथे सकाळी दार उघडलं की कोण आजारी, कोण भांडलं, कुणाची मोटर जळली, सगळं समोर येतं. मी इथे कुणीतरी आहे. पुण्यात मी गुरुशांतची आई आहे, तेवढीच. आता तो रविवारी येणार, ओट्यावरची ही भांडी बघणार, आणि मग माझ्याकडे बोलायला तोंड कुठलं?

भांडी येतच होती. दुपारचं राजेश्वरी आणायची, भात, आमटी, कधी चिंचेचं पप्पू, म्हणजे त्यांच्या पद्धतीची डाळ. संध्याकाळचं वच्छला. ती कारखान्यातून यायची, भिंतीपलीकडे तिच्या भाकरीचा आवाज सुरू व्हायचा, थप थप थप, मध्ये थांबा, परत थप थप. मी खाटेवर पडून ऐकायची. तिची भाकरी जरा जाड असते, आवाजावरून कळतं. मनात म्हणायची, पाणी कमी झालं, आता चिरणार बघ. मग थोड्या वेळानं मागचं दार वाजायचं. “अक्का, झोपला का? उटा, गरम हाय तवर खावा.” पातेल्यात वरण, नुसतं तुरीचं, लसूण फोडणीला, वर भाकरी ठेवलेली. ती दाराशीच टेकायची, मी डाव्या हातानं कुस्करायची, सांडायची, ती बघून न बघितल्यासारखं करायची. लाज वाटायची मला. आणि त्या लाजेच्या खाली, अगदी खाली, एक गोष्ट होती जी मी कुणाला सांगितली नसती. मला ते वरण आवडत होतं. संध्याकाळ झाली की मी त्याची वाट बघत होते, दारावर डोळे लावून, लहान पोरासारखी.

वाट बघते आहे हे ध्यानात आलं त्या दिवशी मी घाबरले. हे काही बरं नाही, दाक्षायणी, म्हटलं. असंच चाललं तर रविवारी गुरुशांतला काय सांगणार? मग मी डोकं चालवलं. माझंच डोकं, त्याचं काय कौतुक सांगायचं! कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याला फोन लावला. पेढे मागवणार होते, पण मनगट मोडलं म्हणून पेढे वाटले असं गल्लीनं म्हटलं असतं. म्हणून काजूकतली मागवली. चांगली, वर्ख लावलेली. ती एका हातानं त्या तिन्ही भांड्यांत रचली, डब्यात, वाटीत, जर्मनच्या पातेल्यात सुद्धा, काठापर्यंत. रिक्षावाल्याला हाक मारावी तशी राजेश्वरीला हाक मारून तिची भांडी दिली आणि वच्छलाचं पातेलंही राजेश्वरीच्याच हाती मागच्या खोलीत पोचवलं. मग हात झटकले, म्हणजे होता तेवढा झटकला. जिवाला इतकं हलकं वाटलं की विचारू नका. फिटलं. दाक्षायणीचं भांडं रिकामं गेलं नाही. मी कुणाच्या जिवावर जगत नाही.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरीचा डबा आला त्यात बदामाचा शिरा. तूप नुसतं वर तरंगत होतं. “अक्का, तुम्ही एवढं दिले, मग मी पण केली,” असं म्हणून हसली, पण दमलेली दिसली. घरी शिलाई करते ती, ते काम सोडून शिऱ्यापाशी उभी राहिली असणार. मला आमटी हवी होती. शिरा खाऊन माझं पोट बिघडलं. आणि संध्याकाळी भिंतीपलीकडे थप थप झाली, लसणाची फोडणी बसली, तिचा वास मागच्या दारानं थेट माझ्या खाटेपर्यंत आला, आणि दार मात्र वाजलं नाही. म्हटलं, उशीर झाला असेल. मी बिस्किटं खाल्ली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मला राग आला. चांगलाच आला. म्हटलं, वा! काजूकतली मिळाली आणि बाईसाहेबांचं वरण संपलं! चार दिवस केलं आणि थकली. लोकं अशीच. मग त्या रागाचीच मला शरम वाटली, कारण त्यात अर्धी भूक होती.

परत पाण्याचा दिवस आला. मी दारात खुर्ची टाकून बसले, दुसरं काय करणार? राजेश्वरी माझी मोटर लावून गेली. वच्छला सकाळपाळीला जायच्या घाईत, तरी आधी माझ्या पिंपात पाइप सोडला. माझ्याकडे बघेना. सारखी पाइपाकडे बघत होती, जसं काही पाइप पळून जाणार आहे. मी म्हटलं, “काय गं, रागावलीस का माझ्यावर?” ती दचकली. “न्हाय वो अक्का! राग कशाचा?” मग पाइप उगाचच एका पिंपातून दुसऱ्यात घातला, अर्धं पाणी अंगावर घेतलं आणि म्हणाली, “संक्रांतीला दीन की कायतरी चांगलं करून. आता ह्ये बी घरी न्हाईत, सामान भरलं न्हाय.” एवढं बोलून गेली. कायतरी चांगलं. तो शब्द माझ्यापाशी ठेवून गेली, आणि मी दिवसभर त्याच्याभोवती फिरत राहिले. आधी जे आणत होती ते काय होतं मग? जे मी वाट बघून खात होते ते?

दुपारी डोळा लागेना. हात प्लास्टरच्या आत खाजत होता, आणि आतलं खाजवता येत नाही याच्यासारखा जाच दुसरा नाही. आणि त्या जाचात मला एकदम दुधनीची पितळी बरणी दिसली. आमच्या घरासमोर एका अडत्याचं माडीचं घर होतं. त्यांच्या बाईला दिवस गेलेले, तिला आंबाड्याची भाजी खावीशी वाटली म्हणून अव्वानं करून पाठवली, ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाचं तेल. आमच्या घरी त्या वर्षी दुसरं काही नव्हतंच, पण अव्वासारखी आंबाड्याची भाजी सगळ्या दुधनीत कुणाची नव्हती. त्या बाईनं मिटक्या मारत खाल्ली असणार, कारण भांडं लगेच परत आलं. नुसतं आमचं भांडं नव्हे, सोबत त्यांची बरणी, तुपातल्या बेसनाच्या लाडवांनी भरलेली. मी आणि माझा भाऊ नाचायला लागलो. अव्वा मात्र बरणीसमोर बसली ती बसलीच. लाडू आम्ही संपवले. बरणी कितीतरी दिवस फळीवर होती, कारण लाडवांच्या बरणीत काय घालून पाठवायचं हे अव्वाला कळेना. शेवटी कुणाकडून तरी उसना रवा आणून तिनं काही केलं आणि बरणी एकदाची गेली. पण त्यानंतर समोर आंबाड्याची भाजी कधी गेली नाही. ती बाई एकदा आमच्या दारात येऊन म्हणालीसुद्धा, ती भाजी परत केली नाही का हो? अव्वा हसून म्हणाली, आंबाडा मिळाला नाही. आंबाडा बांधाबांधाला होता. मला तेव्हा वाटलं होतं, अव्वा मत्सर करते. इतकी वर्षं मी तेच धरून बसले होते की काय कोण जाणे, पण त्या दुपारी खाटेवर उठून बसले आणि मोठ्यानं म्हणाले, “अगं बाई गं!” ती माडीवरची बाई मीच झाले होते. वर्ख लावून.

संध्याकाळी थप थप सुरू झाली तशी मी उठले. पदर डाव्या हातानं कसाबसा घेतला. सवयीनं ओट्याकडे हात गेला, काहीतरी न्यावं म्हणून, निदान एक वाटी तरी. मग तसाच मागं घेतला. मागच्या दारापासून वच्छलाच्या खोलीपर्यंत चार पावलं पण नसतील. त्या खोलीत मी पूर्वी दहा वेळा गेले असेन, हातात काही ना काही असायचं, आणि ते असलं की माणूस कसा आत शिरतो, बोलतच शिरतो. आज हातात काही नव्हतं तर पाऊल उचलेना. आयुष्यात कुणाच्या दारात मी मागायला गेले नव्हते. नवऱ्याकडे सुद्धा नाही. ते न मागता देत, हा त्यांचा चांगुलपणा. दाराशी जाऊन उभी राहिले आणि तोंडातून जे आलं ते मास्तरणीच्या आवाजात आलं, दुसरा आवाज मला येतच नाही. “वच्छला, आज काय केलंयस?”

ती परातीपुढून उठली, हाताला पीठ. “अक्का? तुमी हिकडं? काय झालं, दुकतंय का लई?”

“हात नाही दुखत. भूक लागलीय. काय केलंयस?”

“पिठलं हाय नुसतं.” ती दारात अशी उभी राहिली की पिठलं मला दिसू नये. “तुमाला काय पिठलं द्यायचं अक्का, तुमी बसा, मी राजेश्वरीला सांगून...”

“राजेश्वरीचा शिरा खाऊन मला जुलाब झाले. मला पिठलं पाहिजे. दे.”

ती हसली नाही. तिची नजर फळीवर गेली आणि माझीही गेली. फळीवर ते पातेलं होतं. जर्मनचं. वर तीच ताटली. मी जाऊन डाव्या हातानं ताटली उचलली. आत माझी काजूकतली, मी रचली होती तशीच्या तशी, एक वडी इकडची तिकडे नाही. नुसता वर्ख भांड्याला चिकटला होता.

“खाल्ली का नाहीस गं?”

“ह्यास्नी शुगर हाय. मी एकली किती खाणार?” मग ती बोलायलाच लागली, थांबेना. “परत द्यावी तर तुमाला राग यील. कुणाला द्यावी तर तुमी दिलेली वस्तू. काडून ठिवायला माज्याकडं येवड्या मापाचं दुसरं भांडं न्हाय. अन् अक्का, खरं सांगू का, ज्या भांड्यातनं काजूची मिटाई आली त्यात परत वरण घालून कसं आणायचं वो? मला लई वंगाळ वाटाय लागलं. म्हटलं, आपण काय बी नेऊन देत हुतो, अक्कानी काय म्हटलं आसल मनात.”

मी खाटेच्या कडेवर बसले. म्हटलं, “मनात काय म्हटलं सांगू? मनात म्हटलं, ही अजून का आली नाही. रोज म्हटलं. तुझी भाकरी ऐकत पडलेली असते मी. जाड थापतेस, पण मला तीच पाहिजे.” आणि एवढं बोलता बोलता मला रडू आलं, चांगलं घळाघळा, आणि पुसायला एकच हात, तोही पदर सांभाळत होता. तिनं पिठाच्या हातानंच माझे डोळे पुसले. सगळं तोंड पांढरं झालं असणार. ती बघून फिसकन हसली, मग मी हसले. काजूकतली आम्ही दोघींनी एकेक खाल्ली. बाकीची तिनं कागदात बांधली, उद्या कारखान्यात बायकांना वाटायला. पातेलं विसळलं. त्यात पिठलं ओतलं, तव्यावरची भाकरी वर ठेवली. मी म्हटलं, “एक सांगून ठेवते. हात बरा होईपर्यंत हे रिकामं येईल. आत काही नसेल. चालेल का?”

तिनं मनापासून विचार केला, म्हणजे मला तसं वाटलं, आणि म्हणाली, “रिकामं आलं तर बरंच की. लगीच दुसरं घालता यील.”

पातेलं ती आणून देणार होती, पण मीच घेतलं, डाव्या तळहातावर पदराची घडी ठेवून. गरम होतं. त्या चार पावलांत मला वाटलं, आता हे सांडलं तर सगळं गेलं. सांडलं नाही. घरी येऊन खाल्लं, भिंतीला टेकून, आणि शेवटी बोटानं पातेलं पुसून घेतलं, कुणी बघत नव्हतं म्हणून.

रविवारी गुरुशांत आला. गाडी दारात लावली, आत आला, माझा हात बघितला, मला जवळ घेतलं, आणि इकडेतिकडे बघून म्हणाला, “बॅग कुठंय?” मी म्हटलं, बस आधी, पाणी पी. तो बसला नाही. त्याच्या वडिलांसारखाच आहे, ठरवून आला की खुर्चीला टेकत नाही. स्वयंपाकघरात गेला, ओटा बघितला, परत आला. ओट्यावर राजेश्वरीचा डबा होता आणि जर्मनचं पातेलं. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं, उलट वाईट वाटत होतं त्याला, आणि त्यामुळेच मला त्याच्याशी बोलणं अवघड गेलं. “आई, किती दिवस असं दुसऱ्यांनी आणून द्यायचं? तुला हे चालतं? तुला?”

“नव्हतं चालत,” मी म्हटलं.

“तूच म्हणाली होतीस...”

“म्हणाले होते की. आली ती वेळ.”

“मग चल ना.”

मला त्याला अव्वाची बरणी सांगावीशी वाटली, काजूकतली, पिठलं, सगळं सांगावंसं वाटलं. पण आपल्याच पोरापुढे तोंड उघडलं की माझं काय होतं कोण जाणे, शब्द सगळे हुकूम होऊन बाहेर पडतात. मी म्हटलं, “ते पातेलं आधी मागं वच्छलाला देऊन ये. तिला संध्याकाळचं करायचं असेल. मग बोलू.”

तो स्वयंपाकघरात गेला. पातेलं उचललं आणि सवयीनं, चाळिशी उलटलेला माझा मुलगा, त्यानं फळीवरचा साखरेचा डबा काढला, झाकण उघडलं, चमचा घेतला. मी दारातून बघत होते. इतकी वर्षं पुण्यात राहिला, पण हात विसरला नव्हता.

“साखर नको,” मी म्हटलं.

“मग काय घालू? शेंगदाणे?” त्याला तो एक शेंगदाणा आठवला असणार, कारण जरासा हसला.

“काही नको. रिकामंच दे.”

चमचा त्याच्या हातात तसाच राहिला. त्यानं पातेल्यात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं. मी बघू दिलं. चमचा त्यानं हळूच डब्यात ठेवला, झाकण लावलं, डबा फळीवर जागच्या जागी ठेवला. “रिकामंच?” तो म्हणाला.

“रिकामंच. आणि तिला म्हणावं, आज भाकरी दोन जास्त टाक, मुलगा जेवायला आहे. रात्री इथेच राहील, सकाळी जाईल.”

बॅगेबद्दल तो परत काही बोलला नाही. मागच्या दारानं बाहेर पडला. मी उंबऱ्याशी येऊन उभी राहिले. ऊन उतरलं होतं, राजेश्वरीच्या शिलाई मशीनचा आवाज येत होता. गुरुशांत पातेलं दोन्ही हातांनी धरून, एकेक पाऊल जपून टाकत चालला होता, आतलं हिंदकळेल म्हणून चालावं तसा. वच्छलाच्या दाराशी पोचेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

“गुरू, दाराची चौकट खाली आहे,” मी मागून ओरडले, “डोकं सांभाळ.”